टाकीखालचा मनकवडा

"नाव सांग. नवऱ्याचं नाव सांग. तीनदा, मोठ्यानं, आभाळाला ऐकू जाईल असं!"

पाण्याच्या टाकीखाली अख्खं गाव लोटलं होतं. बाकावर मनकवडे महाराज डोळे मिटून हुकूम सोडत बसलेले, डोक्यावर कान झाकणारी जाड टोपी, पाठीमागं निळा पडदा. पडद्याआड त्यांचा शिष्य म्हणे मौन धरून जप करत होता. एका म्हातारीनं तीनदा नाव ओरडून सांगितलं. महाराजांनी टोपी कानावर दाबली, मग ते घुमल्यासारखं बोलले, "माई, तुला साखरेचा आजार. उजव्या डोळ्यानं धूसर दिसतं. दोन वर्षांपूर्वी पडून मांडीचं हाड मोडलं."

म्हातारी मटकन खाली बसली. "अगं बाई! मी तर तोंडसुद्धा उघडलं नव्हतं!"

उघडलं होतं, चांगलं तीनदा. पण तिला सांगणार कोण?

मी कपडे शिवते. माप घेतल्याशिवाय साध्या बाहीलाही कात्री लावत नाही, आणि हा बाबा नाडीला हात न लावता पोटातलं ओळखत होता. मला पहिल्यापासून संशय. बसायला गावात देवळाची ओसरी होती, शाळेचं पटांगण होतं. पण महाराजांना टाकीच हवी. आमच्याकडं मोबाइलला रेंज फक्त टाकीखालीच येते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि ती टोपी! उन्हानं डोकी तापलेली, तरी हा माणूस कानटोपी काढत नव्हता. डाव्या कानापाशी बाहेरूनही दुहेरी शिलाई दिसत होती. टोपीला त्या जागी खिसा कशाला लागतो, हे मला कुणीतरी सांगावं.

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. पण माझी एकुलती एक लेक बाळंतपणाला माझ्याकडं आली होती, आता नववा महिना लागलेला. माझी धाकटी जाऊ गावची आरोग्यसेविका. ती दर आठवड्याला लेकीच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायची, कामासाठी मिळालेल्या मोबाइलमध्ये लिहायची आणि संध्याकाळी टाकीखाली उभी राहून दवाखान्याला पाठवायची. दाब चढला म्हणून गोळ्या सुरू झाल्या. आणि चार दिवसांपूर्वी महाराजांनी लेकीला पायाची सूज, डोक्याचा ठणका, सगळं सांगून वर फर्मावलं, "गोळ्या टाक. बाळाला बाधतात. माझं पाणी पी." तिनं गोळ्या टाकल्या.

मी ओरडले तर मलाच म्हणाली, "आई, महाराजांनी न विचारता ओळखलं! काकूला तर यंत्र लावावं लागतं."

चौथ्या दिवशी सकाळी तिच्या डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले. जावेनं पट्टा बांधला आणि तिचा चेहराच पडला. "ताई, एकशेसाठ-एकशेदहा. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला हवं."

लेक अडून बसली. "आधी महाराजांना विचारीन."

मग मीही हट्टाला पेटले. "ठीक. गाडी यायची ती टाकीपाशीच येईल. तोवर मी महाराजांपुढं बसते. माझं बरोबर ओळखलं तर तू म्हणशील तसं. चुकलं, तर मुकाट्यानं गाडीत बसायचं."

टाकीखाली पोचताच जावेनं मोबाइलवर धोक्याची खूण दाबून गाडी मागवली. मी नाव ओरडले. महाराज थबकले, मान कलती केली आणि एकदम कळवळले. "बाई, काय भोगलंस गं! लहानपणापासून तुला फिट येतात. दमा आहे. तीनदा पोट पडलं."

गर्दी हळहळली. शेजारीण तर माझ्या गळ्यात पडून रडायलाच लागली, "इतकी वर्षं बोलली नाहीस!"

मला आयुष्यात साधी सर्दी टिकत नाही! मी तोंड उघडणार, तेवढ्यात जावेनं माझा दंड धरला. ती पांढरीफटक पडली होती.

"ताई, हे सगळे आजार तुम्हाला मी दिलेत."

"काय?"

"प्रशिक्षणात सरावासाठी कुणाचंही नाव भरा म्हणाले. त्या दिवशी मी तुमच्या कापडाच्या कात्रीनं पुठ्ठा कापला म्हणून तुम्ही मला फाडफाड बोलला होता. रागात यादीतले आजार भरले तुमच्या नावावर. नंतर पुसायला गेले तर पुसताच येईना. ते माझ्या या दवाखान्याच्या नोंदींशिवाय कुठंच नाही हो!"

मी उठले, थेट पडदा ओढला. मागं जप करत बसला होता आमचा मोबाइल दुरुस्तीवाला! मांडीवर मोबाइल, त्यावर माझं नाव, आणि खाली माझे कधीच न झालेले तीन गर्भपात. जावेनं महिन्यापूर्वी फुटलेली काच बदलायला मोबाइल त्याच्याकडं दिला होता. पासवर्ड विसरते म्हणून तिनं कव्हराखाली चिठ्ठी चिकटवलेली. त्यानं तीच उतरवून घेतली आणि तिच्या सगळ्या नोंदी स्वतःच्या मोबाइलवर उघडल्या. नाव ऐकलं की पान उघडायचं आणि दुसऱ्या फोनवरून कुजबुजायचं. महाराजांची टोपी मीच उपटली. खिशात कानाचं यंत्र होतंच.

गाडी आली तशी लेक चढली आणि माझा हात घट्ट धरून बसली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून उशीर झाला असता तर हिला खरोखरची फिट आली असती. दोघंही हाती लागली नसती." तीन आठवडे आधीच नात झाली, एवढीशी, पण रडली कडकडून.

महाराज आणि त्याचा जोडीदार पोलिसांकडं आहेत. गावाला मात्र मी अजून सोडलेलं नाही. अरे, त्या बाबाला स्वतःचं असं काय कळत होतं? माझी जाऊ उन्हातान्हात दारोदार फिरली, विचारलं, मोजलं, लिहिलं. तेच ती सांगायची तेव्हा तुम्ही "बघू" म्हणत होता, आणि त्यानं चोरून सांगितलं तर पाया पडलात! तिचंही चुकलं. चिठ्ठी चिकटवली, खोटं लिहिलं, म्हणून तिनं भर सभेत माफी मागितली. महाराजानं मागितली का? यंत्रावरही डोळे मिटून भरवसा ठेवू नका, त्यात मला अजून फिट येतात. कुणीही काही सांगो, एवढंच विचारा: तुला हे कसं कळलं? जो दाखवेल त्याचं ऐका. जो डोळे वटारेल त्याच्या सांगण्यावरून औषधाची एक गोळीही टाकू नका.

काल जाऊ नातीचं वजन लिहायला आली. मी म्हटलं, "आधी काटा दाखव."

तिनं हसत काटा माझ्याकडं वळवला.