ट्रॅक्टरच्या जागेचा खांब

"घराचं वय, भिंतीची जाडी... घराची सोयरीक जमवायला आली का काय ही?" पलूसचे अण्णा दाराआड बायकोपाशी, राहीबाईंपाशी, पुटपुटले.

ज्ञानदाला ते ऐकू आलं. भूकंपात कुठलं घर किती तग धरेल याचा अंदाज बांधणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी ती घरोघरची माहिती मोबाइलमध्ये भरत होती. घर सिमेंटचं, दुमजली. खाली मधला खांब असायला हवा, तिथं ट्रॅक्टरचं नाक होतं.

"इथला खांब?"

"काढला. ट्रॅक्टर वळत न्हवता. घर हललं का? न्हाई."

"रात्री वर कोण झोपतं?"

"ल्योक, सून, नातवंडं आन् मी. ही गोठ्यात झोपती. हिला लय उकडतं."

"थंडीतही?"

"बाराही महिने," अण्णा म्हणाले.

जानेवारी होता. राहीबाईंनी अंगावरची शाल घट्ट ओढली. सून चहाचे कप गोळा करू लागली, त्यातला एक अजून भरलेला होता.

"आवं, उकडत न्हाई मला," राहीबाई म्हणाल्या. "खांब काढल्यापासनं ह्या घराची भीती वाटती. आन् पोरं वर झोपत्यात, म्हणून गोठ्यातबी डोळा लागत न्हाई."