आई पनवेलला, लेक रोडपालीला

मी दमयंती, उरणची कोळीण. पनवेलच्या बाजारात मासळी विकते आन् बोलायला कोणाच्या बापाला भीत नाय. त्या सकाळी माझी सून समृद्धी पनवेललाच, निसीम डॉक्टरांच्या दवाखान्यात बाळंत झाली. सातव्या महिन्यातच! पोरगी झाली, पन रडली नाय. ऑक्सिजन लावला तरी तिची छाती नुसती धडपडत होती.

डॉक्टर बाहेर आले. "मावशी, बाळाला रोडपालीच्या दवाखान्यात हलवायचंय. गाडी तयार आहे."

झालं! माझं टाळकंच सरकलं. बाजारात हातचं गिऱ्हाईक शेजारणीच्या पाटीकडं कोन धाडते? आपल्या पाटीत काय उरलं नसंल तवाच ना! म्हंजी डॉक्टरांनी हात टेकले. मी सरळ ॲम्बुलन्सच्या पुढ्यात बसले.

"आई, ऊठ गो! काय येड्यासारखं करतेस?" माझा पोर प्रितम रडकुंडीला आला.

"नाय उठनार! हातचं गिऱ्हाईक कोन सोडतो का? पोर वाटेत गेली तर यांच्या माथी नको, म्हनून धाडतात!"

निसीम डॉक्टर कधी आवाज चढवत नाय. त्या दिवशी ओरडले. "मावशी, गिऱ्हाईक नाही, नात आहे ती तुमची! आम्ही इथले छोटे दवाखाने आता एक झालोय. लहान बाळांची यंत्रं रोडपालीला आहेत, माझ्याकडं नाहीत. हे बघा!"

मोबाइल माझ्या तोंडापुढं धरला. त्यात रोडपालीच्या किशोरी मॅडम, बाजूला काचेचा पाळना, आत दिवा लावलेला. "मावशी, तुमच्या नातीचा श्वास तिथल्या यंत्रावरून मला इथं पडद्यावर दिसतोय. सगळं तयार आहे. वेळ नका घालवू, सोडा तिला!"

पाळन्यावर पट्टी चिकटवलेली: 'समृद्धीचं बाळ'. पोर अजून इथं आन् नाव तिथं! मी ताडकन उठले, प्रितमला घेऊन गाडीत चढले आन् ड्रायव्हरवरच खेकसले, "बघतोस काय? काढ गाडी!"

काय पळाली गाडी! कळंबोलीच्या सर्कलला कंटेनरवाल्यांना मी खिडकीतून अशा शिव्या घातल्या, की नर्सबाईला हसू आवरंना. रोडपालीला मॅडम दारातच उभ्या. प्रितम सांगायला लागला, "मॅडम, सकाळी काय झालं..."

"सगळं माहीत आहे मला," म्हनत त्या पोरीला घेऊन आत पळाल्या.

आमी दाराबाहेर. माझ्या बसन्यानं उशीर झाला असंल तर? आई एकवीरे, मला काय पन कर, पन तिला सांभाळ!

आन् आतून आवाज आला. आधी बारीक, मांजरीच्या पिलासारखा. मग मोठा, आनखी मोठा! मी प्रितमला मिठीच मारली.

मॅडमनी दार उघडलं, हातात फोन. पलीकडं पनवेलला निसीम डॉक्टरांनी आपला फोन समृद्धीच्या कानाला लावलेला.

"आई," ती हुंदके देत बोलली, "ही रडतेय ती आपलीच ना?"

"आपलीच गो बाय! ऐक, ऐक, कशी भांडते सगळ्यांशी!"