सोळावा सोमवार, दहा हजार फुटांवर

मारमॉट नावाचा प्राणी सीमाने त्या रविवारपर्यंत पाहिलाही नव्हता, आणि सोमवारी सकाळी तिला त्याचा गळा दाबावासा वाटत होता. बोक्याएवढा तो डोंगरी उंदीर तिच्या सॅकचा कप्पा कुरतडून राजगिऱ्याचे सात लाडू आणि सगळे खजूर फस्त करून बसला होता. शिवाय पळूनही गेला नव्हता. समोरच्या खडकावर पोट पसरून ऊन खात होता मेला.

चूक तिचीच होती. खाण्याची प्रत्येक वस्तू अस्वलाच्या डब्यात टाकायची, असं मोनाने निघतानाच बजावलं होतं. अस्वलाचा डबा म्हणजे अस्वलाला उघडता येत नाही असा जाड प्लॅस्टिकचा डबा. पण लाडू डब्यात टाकले असते तर मोनाने विचारलं असतं, हे कशाला? मग उपवासाचं सांगावं लागलं असतं, आणि मग उपवास कशासाठी, तेही.

मोना म्हणजे सीमा आणि श्रीरंगची एकुलती एक मुलगी. अमेरिकेत, नेपरव्हिलला वाढलेली, पंचवीस वर्षांची. मेडिकलच्या तिसऱ्या वर्षात होती, हॉस्पिटलात पेशंट बघायला लागली होती. गेल्या वर्षी अचानक एक वर्षाची रजा टाकून ती दूर पश्चिम किनाऱ्याकडे सांता क्लाराला गेली आणि तिथल्या एका दुकानात तंबू आणि बूट विकायला लागली. शनिवार-रविवार लोकांना डोंगर दाखवायची. मे महिन्यात कॉलेजचं पत्र नेपरव्हिलच्या पत्त्यावर आलं: परत येणार की नाही, पंधरा सप्टेंबरपर्यंत कळवा. मुलीचं पाकीट फोडणं याला अमेरिकेत गुन्हा म्हणत असतील, सीमा त्याला काळजी म्हणत होती. श्रीरंगने पत्र वाचलं, "तिचं तिला कळतं," म्हणाला आणि लॉन कापायला गेला. सीमाने मात्र पुढच्याच सोमवारी संकल्प सोडला. सोळा सोमवार करीन, महादेवा, पण पोर डॉक्टर होऊ दे.

त्या सोमवारांतला आज सोळावा. दोन हजार सहा सालच्या लेबर डेची सुट्टी, आणि उपवास सिएरा नेवाडाच्या डोंगरांत, थाउजंड आयलंड लेक नावाच्या तळ्याकाठी. मोनाने "आई, लाँग वीकेंडला ये ना, माझं आवडतं तळं दाखवते," म्हणून बोलावलं, तेव्हा सीमाने लगेच तिकीट काढलं. दोघीच असू, तेव्हा विचारीनच. पण रविवारच्या चढावर तिला श्वास घ्यायलाच तोंड पुरेना, विचारणार कशाने?

"आई, रेडी? आज आपण काठाकाठाने जाऊ, मग एका आयलंडवर. पाणी गुडघ्याइतकंच आहे."

"चल," सीमा म्हणाली. काळ्या चहावर सकाळ काढली होती. संध्याकाळपर्यंत ढकलू, तिने ठरवलं. संध्याकाळी तरी काय खायचं हा प्रश्न होता, कारण अस्वलाच्या डब्यात उपवासाला चालेल असं काहीही नव्हतं.

तळं सुंदर होतं, नाही कशाला म्हणा. निळ्या पाण्यात करड्या खडकांची बेटं, कुठल्या बेटावर चार पाइन, कुठल्यावर एकच. सीमाने मोजायला घेतली आणि साठच्या पुढे नाद सोडला. हजार कुठली? नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. एरवी ती हे मोठ्याने म्हणाली असती. आज तिच्या डोक्यात एकच भुंगा होता. आता विचारू? त्या वळणावर विचारू? वळण आलं की मोना काहीतरी दाखवायची, आणि ते राहून जायचं.

"एनर्जी बार खा, आई."

"खाते," म्हणून सीमाने बार खिशात सरकवला. तासाभराने मोनाने सुक्या मेव्याची पिशवी पुढे केली. त्यात बेदाणे होते खरे, पण त्यांना बिस्किटांचा चुरा लागला होता. सीमाने मूठ भरली आणि मोनाची पाठ वळताच झुडपात टाकली. पंधरा सोमवार चोख पाळून सोळाव्याला बिस्किटाच्या चुऱ्याने घात करायचा, इतकी काही ती कच्ची नव्हती.

दुपारी बूट गळ्यात अडकवून दोघी बेटाकडे निघाल्या. पाणी असं गार की हाडं दुखली. पलीकडे खडकावर पाय टेकला आणि सीमाला सगळी बेटं हळूहळू फिरताना दिसली. ती मटकन बसली, मग आडवीच झाली.

डोळे उघडले तेव्हा मोनाची बोटं तिच्या मनगटावर होती.

"आई, लुक ॲट मी. डोकं दुखतंय? उलटीसारखं होतंय?"

"थोडं."

"आज काय काय खाल्लंस?"

"खाल्लं की. बार, मेवा..."

"सगळा बार?"

"हो गं."

मोनाने तिला उभं केलं. सरळ रेषेत चालायला सांगितलं. सीमा दोन पावलांत कलंडली. मोनाचा चेहरा पांढराफटक पडला.

"खाल्लंयस, पाणी प्यायलीस, तरी असं. म्हणजे आल्टिट्यूडचा, उंचीचा त्रास आहे. मेंदूला सूज येते, आई, लोक जातात त्यात. तुला खाली न्यायला हवं आणि मला एकटीला नेता येणार नाही. मी रेंजरला शोधून आणते. इथून हलू नकोस, प्लीज."

ती बूट चढवायला लागली. तसंच पाण्यातून धावत जाणार होती बहुतेक. बुटाची नाडी बांधली, सुटली, पुन्हा बांधली. "मी चुकतेय का? चुकत असले तर?" ती इंग्रजीत स्वतःशीच पुटपुटत होती. सीमाने तिला इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं, लहानपणीसुद्धा नाही.

"मोना, थांब. माझा उपवास आहे."

"व्हॉट?"

"काही खाल्लेलं नाही मी काल रात्रीपासून. बार खिशात आहे. लाडू आणले होते, ते त्या उंदराने खाल्ले."

मोना पाय पसरून खडकावर बसली. "खोटं बोललीस तू. मी विचारत होते आणि तू तोंडावर खोटं बोललीस! कशासाठी उपवास?"

"तू परत जावीस म्हणून. कॉलेजला. सोळा सोमवार."

मोना हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. "मी गुरुवारी त्यांना ई-मेल केला, आई. नाही येणार म्हणून. तेच सांगायला तुला इथे बोलावलं, आणि दोन दिवस मला सांगताच येईना."

सीमाला संताप आला. मुलीचा आला, महादेवाचा आला, स्वतःचा सगळ्यात जास्त. गुरुवारी! म्हणजे आजचा सोमवार नुसताच पोट जाळायला. पण हटून बसण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. "मी व्रत मोडणार नाही," ती म्हणाली. "संध्याकाळी बघू."

मोनाने वाद घातला नाही. टॉर्टियाला, म्हणजे तिथल्या मेक्सिकन पोळीला, पीनट बटर लावून गुंडाळी केली आणि आईसमोर ठेवली. स्वतःसाठी दुसरी केली, तीही तशीच ठेवली. मग गुडघ्यांवर हनुवटी टेकून पाण्याकडे बघत बसली.

गुंडाळ्यांच्या कडा सुकायला लागल्या. सीमाने विचारलं, "तू का खात नाहीस?"

"तू खाशील तेव्हा."

"वेडेपणा करू नकोस. सकाळपासून चालतेयस."

"आय कॅन वेट."

पोरीने गुंडाळीला बोटही लावलं नव्हतं. सीमा ते बघत राहिली. मग तिने मनातल्या मनात महादेवाची क्षमा मागितली, की बाबा रे, पोर उपाशी आहे, आणि गुंडाळी उचलून मोठा घास घेतला. मोनानेही घेतला. दोघींनी सगळं संपवलं, वर तो खिशातला बारही अर्धा अर्धा खाल्ला.

पोटात अन्न गेलं तशी बेटं जागच्या जागी उभी राहिली. आणि मग सीमाच्या लक्षात आलं, की वर्षभर आपण फोनवर एकच विचारत आलो, परत कधी जाणार? का सोडलंस, ते विचारलंच नाही. आणि मघाचं ते "चुकत असले तर?" तिच्या कानातून जाईना.

"मोना," ती म्हणाली, "तिथे हॉस्पिटलमध्ये झालं काय होतं गं?"

मोनाने चमकून तिच्याकडे बघितलं. "लाँग स्टोरी आहे, आई."

"असू दे," सीमा म्हणाली, आणि तिच्याजवळ सरकून बसली.