शिवप्पांच्या पायाचा अंगठा

बाळांनो, डोळे मिटू नका, मग वाचणार कसं? पण मनात लातूरमधली एक मेस उभी करा. ट्यूशनसाठी गावोगावाहून आलेल्या पोरापोरींचे डबे मांडलेत, आमटीला फोडणी बसते आहे आणि अकरा वर्षांची दीपाली आजोबांच्या मोबाईलमध्ये डोकं घालून बसली आहे.

आजोबांना सगळे शिवप्पा म्हणत, ती आप्पा म्हणे. डबे पोचवता पोचवता त्यांच्या हातांना मुंग्या येऊ लागल्या होत्या. परवा तर भरलेला डबाच हातातून निसटला. मानेचा एमआरआय केल्याशिवाय इलाज ठरणार नव्हता, आणि तो न करताच आप्पा दवाखान्यातून परत आले होते. तिथे डॉक्टर जे लिहितात, ते पेशंटला ॲपवर वाचता येतं. दीपालीनं ती नोंद उघडली.

“आप्पा, तुम्ही तिथं भांडलात?”

“म्या? कोन म्हनलं?”

“इथं इंग्रजीत लिहिलंय. पेशंट सहकार्य करत नाही, तपासणीला नकार दिला. आमच्या शाळेच्या डायरीत असं आलं की वडिलांना बोलवावं लागतं.”

“मग बोलीव माझ्या बापाला वरून!” आप्पा हसले, पण लगेच त्यांचा चेहरा उतरला. “असं लिवलं व्हय माज्याबद्दल? आता न्हाई जायचा तिथं.”

“पण तुम्ही नाही का म्हणालात?”

आप्पांनी कोथिंबिरीची जुडी पुढ्यात ओढून निवडायला घेतली.

“त्या नळकांड्यात डोकं गेलं अन् भूकंपाची रात आठवली. भिंत पडली तवा असंच डोकं आत, पाय तेवढे भाईर. शेजारच्या वीरण्णानं माझ्या पायाचा अंगठा धरला. लोक दगडं काढीत व्हते, पर ह्यानं मी मोकळा होईस्तोर अंगठा सोडला न्हाई.”

“हे डॉक्टरांना सांगितलं?”

“इच्यारलं कोनी?”

नोंदीखाली डॉक्टरांना निरोप लिहायची जागा होती. दीपालीनं मराठीतच लिहिलं, ‘माझे आजोबा भांडखोर नाहीत. भूकंपात ते दगडांखाली अडकले होते, म्हणून त्यांना बंद जागेची भीती वाटते. कोणी पायाचा अंगठा धरून बसलं तर ते निजून राहतील. मी धरते.’

“कशाला लिवलंस? डॉक्टर हसंल,” आप्पा कुरकुरले.

संध्याकाळी चपात्या चालू असताना उत्तर आलं. ‘आम्ही विचारायला हवं होतं. नोंदीत आता कारण लिहिलं आहे. उद्या या. नातीला पायाशी बसू देऊ. फक्त आत येणाऱ्याच्या अंगावर धातूची वस्तू नको.’

दीपालीनं ते दोनदा वाचून दाखवलं. आप्पांनी एक चपाती उलटली, मग दुसरी.

“उद्या डबे कोन पोचवंल?” ते म्हणाले.

दीपालीनं मोबाईल बाजूला ठेवला आणि ती उंबऱ्यावर जाऊन बसली. शाळेत बाई रागावल्या तरी तिनं पायातले चांदीचे पैंजण कधी काढले नव्हते. एक पाय मांडीवर घेऊन ती घट्ट बसलेली कडी नखानं उघडू लागली.