बेलभंडाराची वाटी

गुरुलिंगला वाटायचं, महांतप्पाशेठच्या अडतीवर आपल्याशिवाय पान हलत नाही. बावीस वर्षं तिथले काटे, दारं, गाड्यांचे आस त्यानेच नीट केले होते. माणूस भोळा असावा, पण किती?

शेठच्या अंगणात चाळीस बाया भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या, त्यांत गुरुलिंगची बायको रुद्रम्माही. वाळल्या टरफलांनी तिची बोटं फुटायची, भाकरी थापताना पिठाला रक्त लागायचं. ते बघवेना म्हणून त्याने उन्हाळाभर खपून शेंगा फोडायचं यंत्र जुळवलं. दांडा फिरवला की दाणे आणि टरफलं खाली पडायची. पाखडलं की झालं.

शेठने ते पाहून त्याला मिठीच मारली. "खंडेनवमीला पूजेत मांडू. पन समोरच्या अडतीवरच्या माणिकप्पाला असलंच करून दिलंस तर? चल अणदूरला."

अणदूरच्या खंडोबापुढे गुरुलिंगने बेल आणि भंडारा हातात उचलला. दुसऱ्या कुणासाठी असं यंत्र करणार नाही, अशी शपथ घेतली. ही शपथ मोडणाऱ्याचं वाटोळं होतं, हे पोरंबाळंही जाणतात. गुरुलिंगला मात्र धन्य वाटलं. मालकाला आपली एवढी किंमत!

खंडेनवमीला काटे-मापांबरोबर यंत्रालाही हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ पडली. गुरुलिंग दांड्याला हात घालणार, तोच शेठने हमालांना खूण केली. यंत्र माळेसकट वखारीत गेलं आणि कुलूप लागलं.

"आण्णा, चालवायचं कधी?"

"चालवायचं न्हाय." शेठ पान जुळवत म्हणाला. "या बाया हितं बसत्यात, म्हून त्यांच्या घरच्या शेंगा माझ्या काट्यावर येत्यात. तुझा दांडा फिरला की बाया घरी, आन् शेंगा माणिकप्पाच्या दारात. बरं चाललंय त्याला हात कशाला लावायचा?"

"मग शपथ कशाला घ्यायला लावली?"

"तू त्याच्याकडं जाऊ नये म्हून." हे शेठ अगदी मायेने बोलला.

बावीस वर्षं ज्याला बाप मानलं, त्याने देवाच्या दारात नेऊन गळा कापला होता. कचेरीत अर्ज करावा, तर तिथला अर्ज घेणारा निजामाचा पेशकार शेठच्याच गादीवर पान खायला यायचा.

अंगणात रुद्रम्मा बोटांना चिंध्या बांधून शेंगांच्या ढिगापाशी बसत होती. त्याने तिला सगळं सांगितलं. म्हणाला, "शपथ घेतलीया. आता मला हात बी लावता येत न्हाय."

तिने चिंधीची गाठ दातांनी ओढली. "बेलभंडार तुमी उचलला. शेठनं काय उचललं?"

गुरुलिंग आठवत राहिला. शेठने भंडाऱ्याची वाटी तेवढी धरली होती. तीही एका हाताने. दुसऱ्या हातात वखारीच्या किल्ल्या होत्या.