तिसरी हाक

मी आजवर तीनशेच्या वर माणसं मारली असतील. गोळीने, विषाने, विजेने, एकाला तर डोक्यात नारळ पाडून. सगळी संध्याकाळी तोंड धुऊन घरी गेली. आमच्या असाबा शहरात सिनेमावाल्या कंपन्या रग्गड आणि रंगभूषा करणाऱ्या बायकाही रग्गड, पण मेलेला चेहरा करायचा असला की निरोप मलाच येतो. नाव उझोअमाका, सेटवर सगळे आंटी उझो म्हणतात. कसावाची खळ, चुलीतली राख आणि हलका हात, एवढंच माझं भांडवल.

आमच्या कंपनीचा एक रिवाज आहे. ज्याला शॉटसाठी शवपेटीत झोपायचं, त्याचा शॉट संपला की कोणी जागचं हलत नाही आणि जनरेटरही लावायचा नाही. दिग्दर्शकाने त्या माणसाला बापाने ठेवलेल्या नावाने तीन हाका मारायच्या. पडद्यावरच्या नावाने नाही. तिसऱ्या हाकेला त्याने ओ द्यायची, कुणाचा हात न धरता पेटीतून उठायचं आणि कॅमेऱ्याकडे बघून हसायचं. म्हणजे मरणाला कळतं की हे नाटक होतं, इथे आपलं काही काम नाही. तो हसण्याचा तुकडा आम्ही सिनेमाच्या अगदी शेवटी, ‘देवाचा महिमा असो’ ही पाटी येऊन गेल्यावर लावतो. कुणाला हसू येत असेल तर खुशाल हसा. पेटीत झोपून उठलेली आमची सगळी माणसं अजून धडधाकट आहेत.

आता न्ने आग्वोची गोष्ट. न्ने आग्वो म्हणजे सापांची आई. बावीस वर्षांपूर्वी एका सिनेमात एका बाईने ही चेटकीण केली. खाटेखाली मडक्यात साप पाळायची आणि एकेका सुनेच्या अंगावर सोडायची. साप रबरी नळीचे होते, पण तिची नजर खरी होती. सिनेमाचे पाच भाग निघाले आणि बाईचं नाव पुसलं गेलं ते गेलंच. ओग्बेओगोनोगो बाजारात ती शिरली की वाट आपोआप मोकळी व्हायची, बाया पोरांचे डोळे झाकायच्या. चर्चमध्ये ती मागच्या बाकावर बसायची आणि तिच्या पुढचे दोन बाक रिकामे राहायचे. ती हसून म्हणायची, “बघ, राणीला एवढी जागा मिळते का?”

पण घरात जे झालं त्यावर ती कधी हसली नाही. तिच्या सुनेचं पहिलं मूल पोटातच गेलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. लोकांनी बोट दाखवलं, सुनेने ऐकलं, आणि मुलगा बायकोला घेऊन पोर्ट हार्कोर्टला गेला तो परतला नाही. आठ वर्षं. फोनही नाही.

त्यामुळे सोमादिना नावाची अठ्ठावीस वर्षांची दिग्दर्शक पोरगी गोष्ट घेऊन आली तेव्हा म्हातारीने ती दोनदा वाचून काढली. गोष्टीत एका म्हातारीला चेटकीण ठरवून गावाबाहेर काढतात. ती सुरणाच्या कोठारात एकटी मरते, आणि मग गावाला कळतं की तिने कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं. अंगणात पेटी उघडी ठेवतात आणि ज्या पास्टरने तिला हाकललं तोच गुडघे टेकून माफी मागतो.

“माझा मुलगा हे बघेल,” ती मला म्हणाली. “तो माझे सिनेमे बघतो, शेजारणीने सांगितलंय. एकदा तरी मला निर्दोष बघू दे त्याला.”

“मग अडलं कुठे?”

“पेटीत,” ती म्हणाली.

बावीस वर्षांत तिने माणसं खाल्ली, रक्त प्यायली, पण पेटीत झोपायचं म्हटलं की काम नाकारायची. आता हो म्हणून बसली होती आणि महिनाभर तिची झोप उडाली होती.

पास्टरचं काम अर्थात फेस्टसकडे होतं. तोही बावीस वर्षं पडद्यावर पास्टर आहे, त्याच पहिल्या सिनेमात त्याने तिच्या सापांना शाप देऊन जाळलं होतं. तिला चेटकिणीचं नशीब मिळालं, त्याला पास्टरचं. रस्त्यात लोक आजारी पोरं त्याच्यापुढे धरतात आणि तो खुशाल डोक्यावर हात ठेवतो! पुढे खऱ्या चर्चने त्याला डीकन, म्हणजे चर्चचा कारभारी केलं. ती मागच्या बाकावर बसायची त्या चर्चमध्ये हा पहिल्या बाकावर.

“पास्टर माफी मागतो?” तो सोमादिनाला म्हणाला. “पोरी, लोकांची श्रद्धा बुडवायला निघालीस का?”

“अंकल, चुकल्यावर माफी मागितली तर श्रद्धा बुडते?”

“सिनेमात बुडते,” तो म्हणाला, पण काम सोडलं नाही.

शेवटच्या शॉटचा दिवस हार्मटानच्या कोरड्या वाऱ्याचा आणि धुळीचा होता, सूर्य पांढरा दिसत होता. जवळच्या ओक्पानम गावातल्या एका जुन्या अंगणात आम्ही सकाळी सातला पोचलो. म्हातारी माझ्यासमोर खुर्चीत बसली, अकाराचा, म्हणजे चवळीचा, एक वडा हातात तसाच. मी खळ ढवळत होते.

“माझ्याआधी तीन पोरं झाली,” ती एकाएकी म्हणाली. “तिन्ही गेली. बाप सुतार होता. तिघांच्याही पेट्या त्यानेच केल्या, एवढ्या एवढ्या. चौथ्या खेपेला मी झाले तेव्हा त्याने रंधा हातात घ्यायचाच सोडला. वर्षभर. मी जगते का बघत बसला होता. मला म्हणायचा, लाकडाच्या कुठल्याही पेटीत जाऊ नकोस, लपाछपीतसुद्धा नाही.”

“तुमचे बाबा आज असते तर त्यांनाही पाया पडून विचारलं असतं आपण,” मी म्हणाले. “डोळे मिटा.”

मी कपाळापासून लेप लावत आले. ही खळ वाळताना चेहरा हलला की तिला तडे जातात आणि सगळं पुन्हा धुवावं लागतं. उन्हाची वेळ गाठायची होती, सोमादिना दर पाच मिनिटांनी डोकावत होती.

“उझो, एक सांगायचंय,” ती म्हणाली. “ती हाक मारतात ना—”

“न्ने, ओठ हलवू नका.”

ती गप्प झाली. थोड्या वेळाने पुन्हा, ओठ न हलवता, घशातून: “माझ्या बापाने माझं नाव—”

“न्ने! तडे जातील. मग बोला ना काय ते.”

मग ती बोललीच नाही. मी पंखा घेऊन वारा घालत राहिले आणि काम छान उतरल्याचं मनातल्या मनात कौतुक करत राहिले. मला अजूनही बोचते ती हीच गोष्ट. नऊ वर्षं त्या चेहऱ्यावर माझे हात फिरले, आणि तो बोलायला लागला तेव्हा मी त्याला गप्प केलं.

पेटीपाशी ती थबकली. लाकडावरून तिने एकदा हात फिरवला, कडेची धार अंगठ्याने तपासली, सुताराच्या पोरीसारखी. मग कुणाकडेही न बघता आत गेली आणि आडवी झाली. मी तिचे हात छातीवर जुळवून ठेवले तेव्हा ते बर्फ होते.

शॉट पहिल्याच खेपेला मिळाला. गावच्या बाया रडल्या त्या खऱ्याच रडल्या. फेस्टस गुडघ्यावर आला, त्याचा तो गडगडाटी आवाज चढवून माफीचं वाक्य म्हणाला आणि कपाळ पेटीच्या कडेला टेकवलं. जरा जास्तच मोठ्याने म्हणाला असं मला वाटलं. सोमादिनाने ‘कट’ म्हटलं. सगळे जागच्या जागी थांबले. शेजारच्या अंगणात बकरी ओरडत होती तेवढीच.

सोमादिनाने पुढे येऊन हाक मारली, “न्ने आग्वो!”

आणि तिचा हात तिच्याच तोंडावर गेला.

पेटीतून आवाज नाही. कसा असेल? पेटीत पडलेल्या बाईला चेटकिणीच्या नावाने बोलावलं होतं. या नावाला ओ दिली तर पेटीतून कोण उठेल, हा विचार तिथल्या प्रत्येकाच्या मनात आला. पाया पडायला वाकलेली एक बाई तशीच मागे सरकली.

“खरं नाव काय त्यांचं?” सोमादिना कुजबुजली. “आंटी, खरं नाव?”

मी फोन काढला. माझ्या फोनात न्ने आग्वो. तिच्या फोनात न्ने आग्वो. कामाच्या कागदावर, जेवणाच्या यादीवर, सगळीकडे न्ने आग्वो. चाळीस माणसं उभी होती आणि एकालाही तिचं नाव माहीत नव्हतं. मला अशी लाज आयुष्यात कधी वाटली नाही.

“तिलाच विचारू या ना,” दिवेवाला म्हणाला.

“मेलेला आपलं नाव आपण सांगतो का रे, शहाण्या?” कुणीतरी त्याच्यावर खेकसलं.

“न्गोझी असेल,” दिवेवाला चाचरत म्हणाला. “त्या पिढीत दर घरात एक न्गोझी असते.”

“गप्प बस!” मी म्हणाले. “न्गोझी म्हणजे आशीर्वाद. तीन पोरं पुरल्यावर कुठला बाप पोरीचं नाव आशीर्वाद ठेवेल?”

मी पेटीवर वाकले. तिचे डोळे मिटलेले, हात छातीवर. पण डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून कानापर्यंत माझ्या लेपाला एक तडा गेला होता, आणि तो ओला होता. ती ऐकत होती. सगळं ऐकत होती आणि वाट बघत होती.

“न्ने,” मी म्हणाले, “चुकलं माझं.” याहून जास्त मला काही सुचलं नाही.

फेस्टस अजून गुडघ्यावरच होता. आता तो सैतानाला दटावायला लागेल, असं मला वाटलं. तेच त्याचं नेहमीचं. त्याने घसा खाकरला आणि आवाज निघाला तो भलताच, बारीक, म्हाताऱ्याचा, मी कधी न ऐकलेला.

“ओझोएमेना,” तो म्हणाला.

अंगणातल्या बायांनी श्वास ओढून घेतला. आमच्यात पोरं जात राहिली की शेवटी हे नाव ठेवतात. अर्थ, पुन्हा असं न होवो. बापाने पोरीच्या गळ्यात नाव नव्हे, विनवणीच बांधली होती.

“ओझोएमेना,” त्याने दुसरी हाक मारली. आमच्याकडे न बघता म्हणाला, “मिशनच्या शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसायची. तिच्या पाटीला लाकडाची चौकट होती, बापाने केलेली. मला सगळ्यात आधी अक्षरं तिनेच गिरवून दिली.” मग थांबला. आम्ही कुणी हललो नाही, कारण तिसरी हाक त्यालाच मारायची होती.

“ओझोएमेना.”

“आहे मी,” ती म्हणाली.

ती उठून बसली. लेपाचे तुकडे तिच्या मांडीवर पडले. दोन्ही हात पेटीच्या कडांवर ठेवून तिने एक पाय बाहेर टाकला, मग दुसरा. कुणी हात दिला नाही, द्यायचा नसतो. फेस्टस समोर गुडघ्यावर, ती उभी.

“तुला ठाऊक होतं तर,” ती म्हणाली.

त्याने होकाराची मान हलवली.

“बावीस वर्षं ठाऊक होतं. मी मागच्या बाकावर बसले होते, फेस्टस. तू एकदासुद्धा मागे वळून हाक मारली नाहीस.”

“भ्यायलो,” तो म्हणाला. “तुला नाही. लोकांना. तुला चेटकीण म्हणाले म्हणून मला पास्टर म्हणाले. तू साधी बाई ठरली असतीस तर मी कोण राहिलो असतो?”

ती आता थुंकेल असं मला वाटलं, आणि खरं सांगते, थुंकली असती तर मी पाणी आणून दिलं असतं. पण ती कॅमेऱ्याकडे वळली. रिवाज पुरा करायचा होता. तिला हसू येत नव्हतं.

“पुन्हा मारा हाक,” ती म्हणाली. “सगळे मारा. मला ऐकू दे.”

मग आम्ही चाळीस माणसांनी हाक मारली. सोमादिनाने, दिवेवाल्याने, मागे सरकलेल्या त्या बाईने, मी. चार-पाचदा मारली असेल. केव्हातरी तिला हसू आलं, अर्धा चेहरा मेलेला आणि अर्धा धुतलेला, आणि ते कॅमेऱ्याने टिपलं.

सिनेमा चालला. फार नाही, बरा चालला. पाटीवर तिचं खरं नाव आलं आणि शेवटी ते हसणं. बाजारात काही बाया अजूनही पोरांचे डोळे झाकायच्या, जग काही एका सिनेमाने धुतलं जात नाही. पण पुढच्या रविवारी फेस्टस पहिल्या बाकावरून उठला, चालत मागे गेला आणि तिच्या शेजारी बसला. प्रवचन संपेपर्यंत दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलली नाहीत. आणि त्या नाताळात तिचा मुलगा आला, बायको आणि सहा वर्षांची मुलगी घेऊन. मुलीचं अस्तित्वही म्हातारीला माहीत नव्हतं. त्यानंतर मेकअपच्या खुर्चीत ती एवढं बोलायची की मला दिवसाला दोनदा लेप लावायला लागायचा. मी चकार शब्द काढला नाही.

चार वर्षांनी ती गेली. झोपेत, स्वतःच्या खाटेवर. मुलाने मलाच बोलावलं, आईचा चेहरा तुम्हीच करा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा मी मेलेल्या माणसाला जिवंत दिसेल असं रंगवत होते. अंगणात पेटी उघडी होती. मुलगा, सून, नात, आमची सगळी कंपनी, चर्चच्या बाया. झाकण लावायच्या आधी फेस्टस काठी टेकत पुढे आला आणि त्याने तीन हाका मारल्या. तिसऱ्या हाकेनंतर आम्ही थांबलो. शॉटला थांबतो त्याहून कितीतरी जास्त थांबलो.

मी पेटीवर वाकले होते. तिचे ओठ मी रंगवले तसेच होते, एकही तडा नव्हता.

“बोला, ओझोएमेना,” मी तिच्या कानात म्हणाले. “लेपाचं काय घेऊन बसलात, मी पुन्हा लावीन. बोला तुम्ही.”