वीतभर उंच

मित्रांनो, जरा जपून. घाईत कुंपण ओलांडायला जाल, तर पाय अडकून तुम्हीही पडाल आणि मीही फाटेन. होय, सध्या मी कुंपणच आहे. नासिमियूच्या घरामागे सुकुमाच्या पालेभाजीचा वाफा आहे. त्यात कोंबड्या शिरू नयेत म्हणून मला बांबूंना गुंडाळले आहे. पण नीट पाहा, माझ्या वरच्या कडेला एक पट्टी आहे. आता ती मातकट झाली, एके काळी पांढरीशुभ्र होती. मी व्हॉलीबॉलची एक जुनी जाळी आहे.

किसुमूच्या सरोवराकाठी मासेमारीची जाळी विणणाऱ्या एका म्हातारीने मला विणले. माझ्या बहिणी होड्यांतून मासे धरायला गेल्या. मला मात्र बुंगोमाकडच्या एका साखर कारखान्याने नेले, कारण तिथे मुलींचा संघ होता. "ही पोर उपाशी राहणार गं," असे म्हातारी मला गुंडाळताना म्हणाली होती. तसे झाले नाही. माझे काम चेंडू अडवण्याचे, पण खरे सांगू? तो माझ्यावरून सुसाट निघून पलीकडच्या मातीत आदळला, की माझेच पोट भरायचे.

मुली दिवसभर कारखान्यात राबायच्या. कुणी उसाच्या गाड्या वजनाला लावी, कुणी साखरेची पोती शिवी. संध्याकाळी अंगाला मळीचा वास घेऊनच त्या मैदानावर येत. त्यांची कर्णधार नासिमियू. हे नाव आमच्याकडे कोरड्या हंगामात जन्मलेल्या मुलीला देतात. तिला चेंडू उचलून द्यायची ती नांजाला नावाची मुलगी, आणि सगळ्या संघाची चेष्टा करायचीही नांजालाच. "ताई, तुझ्या जन्माच्या वेळी पाऊस नव्हता, म्हणून तू सगळा राग चेंडूवर काढतेस," असे ती म्हणे. उत्तर म्हणून नासिमियू फटका मारी.

खेळाआधी तिची एक रीत असे. ती माझ्याखाली उभी राहून हात सरळ वर करी. माझी पट्टी तिच्या तळहाताच्या मधोमध टेकली, म्हणजे उंची बरोबर. पुरुषांच्या खेळात जाळी वीतभर उंच बांधतात, बायकांच्या खेळात त्याहून खाली. तो खेळाचा नियमच आहे. मोजपट्टी असूनही नासिमियू हातच लावून पाही. तो ऊबदार हात मला रोज हवासा वाटे.

मग एके वर्षी कारखान्याचे दिवस फिरले. व्यवस्थापक म्हणाले, आता संघ पोसणे झेपणार नाही. त्याच सुमारास बातमी आली, की बायकांची व्यावसायिक लीग निघते आहे. खेळणे हीच नोकरी, सामने टीव्हीवर. फक्त नैरोबीचे काही बडे पाहुणे आधी आमच्या मुलींचा एक सामना पाहणार आणि मग पाठबळ द्यायचे की नाही ते ठरवणार. लीग निघाली तर संघ राहील, नाही तर बंद. नासिमियूची तिशी उलटली होती. तिच्यासाठी दुसरी संधी नव्हती. "उड्या मारून आजवर कुणाचं भलं झालंय का गं?" असे तिची आई सारखी टोचायची. पण सामन्याच्या सकाळी तिनेच मंदाझीचे गोड वडे तळून सगळ्या संघाला बांधून दिले.

शहरातल्या स्टेडियमची जाळी फाटलेली होती, म्हणून मलाही बसमध्ये घेतले. गर्दी जमावी म्हणून संयोजकांनी पुरुषांचा सामना आधी ठेवला होता. मला आयुष्यात पहिल्यांदाच इतके उंच चढवले. वरून सारे छान दिसत होते, पण मन काही लागेना.

तो सामना लांबतच गेला. अखेर संपला आणि मला खाली घ्यायला माणसे आली. खांबाची खीळ काढून खालच्या भोकात घालायची, एवढेच काम. पण खीळ हलेना. हातोडीने ठोकले, तेल ओतले, तरी जागची हलेना. ती गंजून गच्च बसली होती. त्या मैदानावर वर्षानुवर्षे बायकांचा सामनाच झाला नव्हता, मग ती खाली घेणार कोण आणि कशाला?

नासिमियू माझ्याखाली आली. तिने हात वर केला. तळहात सोडाच, माझी पट्टी तिच्या बोटांनाही लागली नाही.

"वाबविले साहेब, जाळी वर आहे," ती संयोजकांना म्हणाली.

"अहो बाई, पाहुणे केव्हाचे घड्याळ बघतायत. त्यांना काय कळतंय वीतभर वर न् वीतभर खाली? आजच्या दिवस चालवून घ्या."

पंचांनी माझ्याकडे पाहिले आणि ते शिट्टी पुसत बसले.

"ताई, अजिबात नाही," नांजाला म्हणाली. "खीळ निघेस्तोवर इथंच बसू. बसू देत त्यांना घड्याळ बघत."

"आणि ते उठून गेले तर? म्हणतील, खेळण्याआधीच यांचे नखरे. बायकांचं हे असंच असतं." नासिमियूने एकदा पाहुण्यांच्या खुर्च्यांकडे पाहिले. "चल. चालवून घेऊ."

मित्रांनो, त्यानंतर काय झाले ते सांगताना आजही माझ्या गाठी आवळतात. नांजाला चेंडू देत होती, नासिमियू झेपावत होती, आणि चेंडू येऊन माझ्याच छातीवर आदळत होता. पुन्हा पुन्हा. जे फटके आमच्या मैदानावर माती उडवायचे, ते सगळे मी अडवले. वाकावे, फाटावे, कसेही करून खाली यावे असे मला वाटत होते. पण ताणून बांधलेली जाळी काय करणार? शेवटी मुली चेंडू नुसता हलकेच पलीकडे टाकू लागल्या. लोक हसू लागले.

जाताना एक पाहुणे माझ्या खांबाशी थांबले. "पोरी गुणी आहेत हो," ते वाबविले साहेबांना म्हणाले, "पण जोर नाही. हे कोण बघणार?" साहेबांनी मान डोलावली. गंजलेल्या खिळीबद्दल त्यांनी अवाक्षर काढले नाही.

परतीच्या बसमध्ये नासिमियूने माझी घडी मांडीवर घेतली होती. ती रडत होती. मी आतपर्यंत भिजले.

लीग निघाली नाही. संघ बंद झाला. नांजाला नैरोबीला कुणाच्या तरी दुकानात लागली. नासिमियू मला घेऊन घरी आली. आई या वेळी टोचून बोलली नाही, तिने नुसती मक्याच्या पिठाची उगाली वाढली. मग मी या वाफ्याला गुंडाळली गेले. गुडघ्याएवढी उंची, आणि पलीकडे कोंबड्या.

मागच्या सुट्टीत गावातल्या शाळकरी मुली मला मागायला आल्या. "फाटकी आहे ती. कोंबड्यांपुरतीच," नासिमियू म्हणाली आणि निवडायला घेतलेली भाजी निवडत राहिली. आईनेच मला सोडून त्यांच्या हाती दिले. मुलींनी मला समोरच्या दोन निलगिरींना बांधले. गाठ फार वर बसली आणि सुटेना.

"राहू दे गं," त्यातली एक म्हणाली, "चालवून घेऊ."

निवडायच्या भाजीचे सुपडे खाली पडल्याचा आवाज आला. नासिमियू ओट्यावरून उठून धावत आली होती. "नाही!" ती ओरडली. मुली दचकल्या. "नाही चालवून घ्यायचं! सोडा ती गाठ. सुटत नसेल तर कापा."

गाठ कापली. नासिमियू माझ्याखाली उभी राहिली आणि तिने हात वर केला. मुली मला हळूहळू खाली आणत होत्या. माझी पट्टी तिच्या तळहातावर टेकली, तरी तिने हात काढला नाही. "इथं," ती म्हणाली. "इथंच बांधा." मग ती तोंड फिरवून आत गेली. खेळायला काही थांबली नाही. तेवढ्या वेळात कोंबड्यांनी अर्धा वाफा फस्त केला होता. त्यांना कुणी हाकलले नाही.

मित्रांनो, मी पुन्हा वाफ्याभोवती आले आहे आणि आता फार टिकणार नाही. एकच मागणे आहे. तुमच्या गावात कधी मुलींचा सामना असेल. त्यांच्यात जोर आहे की नाही, हे ठरवण्याआधी उठा, जाळीपाशी जा आणि ती कुठे बांधली आहे ते पाहा. वर असली, तरी मुली कदाचित काही बोलणार नाहीत. तुम्ही बोला.